गॅलरीतले पक्षिनिरीक्षण : प्राथमिक नियम व खबरदारी

पक्षी पाहायला जंगलात जावे लागते, हा समज खुद्द पक्ष्यांनी केव्हाच सोडला आहे. कोथरूडमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीत आंबा, कोपऱ्यात उंबर, कुंपणाला मेंदी आणि कायमची गळणारी पाण्याची टाकी एवढे असले की निरीक्षकाची जन्माची सोय झाली. मात्र भिगवणला होडीत बसून रोहित पाहण्यापेक्षा हे काम अवघड आहे. तिथे समोर पक्षी असतात. इथे समोर बी विंगमधल्या काकूंचे स्वयंपाकघर असते.

म्हणून पहिला नियम दुर्बिणीचा. ती ८ × ४२ ची घ्यावी. वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे असल्याने पहाटेच्या अंधुक उजेडातही काम भागते. दुकानदार हिच्याहून दांडगी दाखवील. ती हातात थरथरते आणि बी विंगमधून तोफेसारखी दिसते. दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी पक्ष्याचे नाव मोठ्याने उच्चारावे. पक्षी कोणता आहे हे तोवर कळलेले नसते, पण ते गौण आहे. "अहाहा, हळद्या!" हे काकूंपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे. दुर्बिणीचे तोंड सदैव आभाळाकडे ठेवावे. सातभाई खाली पाचोळा उलथत कलकलाट करतात आणि भारद्वाज मेंदीतून सावकाश चालत जातो. हे पक्षी निरीक्षकाची सोसायटीत पत निर्माण होईपर्यंत नुसत्या डोळ्यांनी पाहावेत.

पोशाखाबद्दल थोडक्यात. पानाफुलांच्या नक्षीचे शिकारी जाकीट फिक्या गुलाबी भिंतीपुढे घालून उभे राहिल्यास माणूस गेटवरच्या वॉचमनलाही दिसतो. बनियन पुरे.

आता ओळख पटवणे. सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आणि मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' स्टुलावर उघडे ठेवावेत. पुस्तकातला पक्षी बाजूने, स्वच्छ उजेडात, फोटोला बसल्यासारखा दिसतो. आपल्या नशिबी येते ते पानाआडून दिसणारे पोट. त्यामुळे सुरुवात पोटाखालून करावी: शेपटीच्या बुडाशी लाल डाग दिसला तर बुलबुल. त्याला गालावरही लाल ठिपका आणि डोक्यावर टोकदार तुरा असेल तर शिपाई बुलबुल, नसेल तर लालबुड्या. एवढ्या माहितीवर निरीक्षकाला एक संपूर्ण उन्हाळा ऐटीत काढता येतो.

कानाने ओळखणाऱ्यांनी तांबटापासून सावध राहावे. भर दुपारी "टुक, टुक, टुक" असा एकसुरी ठोका चालू असतो आणि आवाज येतो तिकडे पाहिले तर कुणीही नसते, कारण हे महाशय ठोके देताना मान इकडून तिकडे वळवतात आणि आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. अशा वेळी उंबराच्या शेंड्याची एखादी वाळकी काटकी धरून बसावे. अंग हिरवे, कपाळ लाल, गळा पिवळा आणि त्याखाली लाल पट्टा, असा चिमणीएवढा ऐवज तिथे निवांत बसलेला असतो.

कोकीळ मात्र सोसायटीत जाहीरपणे ओळखू नये. पहाटे पाचला ओरडून झोप मोडणारा, काळाभोर, लाल डोळ्यांचा तो नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिच्या गळ्यातून नुसता किक्-किक् असा आवाज. बाकावरचे काका डोळे मिटून "काय गाते हो कोकिळा!" म्हणाले की मान डोलवावी. पार्किंगचे वाटप काकांकडे आहे.

काही पक्षी आपण होऊन घरात शिरतात, त्यांच्याबाबतचे नियम कडक आहेत. शिंजिराची मादी कपड्यांच्या दोरीचा नेमका मध्य निवडते. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, वाळके गवत, सालीचे तुकडे आणि कुठल्याशा किड्याची विष्ठा असा कचरा जमवून ती एक लोंबती पिशवी विणते. दाराला वरून चिमुकला छज्जाही असतो. जांभळा चकचकीत नर या बांधकामाला हात लावत नाही. तो खिडकीच्या काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत असतो. पिलांना भरवायला मात्र येतो. बांधकाम सुरू झाल्यापासून पिले उडेपर्यंत दोरी सरकवू नये, गॅलरी धुऊ नये, फोटोसाठी पिशवीत मोबाइल घुसवू नये. चादरी बैठकीच्या खोलीत वाळतील. पाहुणे आल्यास चादरीपलीकडून बोलावे. घरच्या माणसांनी या काळात पक्षिनिरीक्षणाबद्दल जे मत दिले, त्याची नोंद वहीत करू नये.

धूसर फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून नाव विचारणे ही शेवटची पायरी. पाच मिनिटांत "भारद्वाज, फार शुभ!" असे उत्तर येते. घारीच्या फोटोलाही हेच येते. त्याखाली नमस्काराचे हात जमू लागले की वाद घालू नये.

एवढी तयारी झाली की फेब्रुवारीत जगभर चार दिवस चालणाऱ्या अंगणातल्या पक्ष्यांच्या मोजणीत भाग घ्यावा. निदान पंधरा मिनिटे एका जागी थांबून दिसले तेवढे सगळे पक्षी मोजायचे असतात. नवशिके पारवा वगळतात. त्यांना यादीत एखादा शिक्रा हवा असतो. पण नियम म्हणजे नियम, पारवाही मोजावाच लागतो. मोजणीची वेळ ठरवताना एक काळजी घ्यावी. वरच्या मजल्यावरच्या आजी सकाळी सात वाजता छतावर ज्वारी फेकतात. त्याआधी मोजणी आटपावी, नाहीतर वही बदलावी लागते.