प्राण्यांचे नैसर्गिक वर्तन : प्रथम पारितोषिक

कॅमेरावाले साहेब,



सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. आपल्या 'रागावलेला फुगा' या छायाचित्राला आपल्या कॅमेरा क्लबच्या वार्षिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, हे अंदमानातल्या आपल्या हॅवलॉकच्या डाइव्हिंग सहलीच्या ग्रुपवर आपणच कळवलंत. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, आणि तरी कोणी अंगठा दाखवेना म्हणून मग नुसता सर्टिफिकेटचा फोटो टाकून. तो मोठा करून वाचला. विभाग : प्राण्यांचे नैसर्गिक वर्तन. तेव्हापासून डोकं भणभणतंय. म्हणून हे पत्र, आणि तेही खुलं, कारण खासगीत पाठवलं असतं तर आपण त्यावर दोन जोडलेले हात चिकटवून मोकळे झाला असता.

मी कोण, हे आपल्याला आठवणार नाही. त्या सहलीत आपण माझ्याकडे पाहिलंतच कुठे? मी आपली बडी.

स्कूबाच्या कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात की पाण्यात एकटं जायचं नाही. बडीने बडीवर नजर ठेवायची, अधूनमधून हवा विचारायची, आणि एकाची टाकी संपलीच तर दुसऱ्याने आपला जादाचा रेग्युलेटर पुढे करायचा. एकट्याने आलेल्या दोघांची गाठ डाइव्ह सेंटरवाले घालून देतात. 'दोघंही मराठी, छान जमेल,' असं म्हणून आपली गाठ घातली गेली. पत्रिका न बघता.

मग काय, रोज सकाळी डुंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, उलटी उडी, आणि तळाशी गेल्या गेल्या आपण एका दगडापाशी मुक्कामाला. दगडावर नखाएवढा नुडिब्रँक, म्हणजे समुद्रातली बिनकवचाची गोगलगाय. सुंदर होता, नाही कशाला म्हणू! मी दोन मिनिटं पाहिला आणि मग आपल्या डोक्यावर तरंगत राहिले. बराकुडांचा थवा गेला, मी टाकीवर टकटक केली, आपण हलला नाहीत. एक कासव आलं, माझ्याकडे बघून गेलं. बोटीवर मी कासवाचं नाव काढलं तर आपण म्हणालात, 'मॅक्रो लेन्स लावली होती हो, कासव मावलं नसतं.' म्हणजे मावत नाही ते आलंच नाही.

बरं, नेम धरताना आपण श्वास रोखता. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम. आपण मात्र हात हलू नये म्हणून श्वास कोंडता आणि फोटो झाला की त्याची भरपाई करत हवा ओढता. २०० बारने भरलेली टाकी ५० च्या आसपास आली की वर निघायचं असतं. आपला काटा तिथे पोचायचा तेव्हा माझ्या टाकीत निम्म्याहून जास्त हवा असायची. पण बडी निघाला की बडीनेही निघायचं. माझ्या पैशांची, माझ्या टाकीतली हवा रोज तशीच परत जायची.

कॅमेरे धुवायच्या गोड्या पाण्याच्या टबात आपण आपले बूट बुचकळता, हे जाता जाता नोंदवून ठेवते. डुंगीतली सावलीची एकुलती जागा रोज कॅमेऱ्याच्या पेटीला लागायची, हेही.

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. माणसं इतकं घालतातच. मुद्दा शेवटच्या दिवसाचा आहे, लाइटहाउस नावाच्या डाइव्हच्या जागेवरचा.

पाणी त्या दिवशी स्वच्छ होतं. आपला गाइड पुढे, मग आपण, मागे मी. हा गाइड म्हणजे मायाबंदरचा करेन मुलगा. इंग्रजांनी १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणलेल्या कुटुंबांतला. अंदमानच्या डाइव्हिंगमध्ये गाइड आणि बोटवाले म्हणून ही मुलं ठिकठिकाणी भेटतात. आपण आठवडाभर जे जे टिपलंत, तो नुडिब्रँक, समुद्रफुलातला तो पोर्सेलीन खेकडा, ते सगळं त्याच्या डोळ्यांनी शोधलेलं. आपण नुसतं बटण दाबलंत. सर्टिफिकेटवर त्याचं नाव शोधलं, दिसलं नाही. आपल्याला ते ठाऊक तरी आहे का? आपण त्याला 'ए छोटू'च म्हणत होतात.

तर त्या छोटूने हात करून दाखवलं. प्रवाळाच्या छपराखाली एक केंड पडून होता. आपण पुण्याचे, आपण त्याला पफर म्हणता. आमच्या मालवणच्या बाजूला केंड म्हणतात आणि वर शिवीही घालतात, कारण त्याच्या चार दातांची चोच जाळी कातरते. राखाडी अंग, काळे ठिपके, कुत्र्यासारखं नाकाड. आणि त्याच्या गालाशी बोटाएवढा निळा-काळा क्लीनर रॅस, म्हणजे दुसऱ्या माशांचं अंग साफ करणारा मासा, काम करत होता. कल्ल्यापाशी टोच, ओठापाशी टोच, मग सरळ तोंडात शिरून बाहेर. केंडाने तोंड किंचित उघडं धरलं होतं आणि तो अगदी हलेना. ज्या तोंडाने शिंपले फुटतात त्या तोंडात हा चिमुकला मासा निर्धास्त आत-बाहेर करत होता.

साहेब, नैसर्गिक वर्तन ते होतं. आपल्या लेन्सपासून दीड हातावर, बक्षिसाच्या विभागाचं नाव अंगावर लिहिल्यासारखं. आपण काय केलंत? गाइडला खूण केलीत, बोटं गोल फिरवून : फुगव त्याला.

त्याने हात आडवा हलवला. नाही. आपण पुन्हा खूण केलीत. त्याने पुन्हा हात हलवला. मग आपण आपली स्टीलची कांडी काढलीत, जी वाळूत रोवून स्थिर राहायला दिलेली असते, आणि केंडाच्या कुशीत खुपसलीत. क्लीनर मासा पहिल्या झटक्यालाच पसार. केंड मागे सरला, मागे भिंत. आपण पुन्हा टोचलंत. तेव्हा त्याने पाणी गिळायला सुरुवात केली. घोटावर घोट. या माशाला बरगड्या नसतात, पोट ताणलं जाईल तितकं ताणतं. बघता बघता त्याचा चेंडू झाला, इवलेसे पर दोन्ही बाजूंना फडफडत राहिले, आणि त्याला धड वळताही येईना. आपले दोन्ही स्ट्रोब लखलखले.

मी आपला फिन धरून ओढला. आपण वळलात आणि मला अंगठा-तर्जनीचं वर्तुळ करून दाखवलंत. ओके. आपल्याला वाटलं, मी आपली विचारपूस करतेय. पाण्याखाली शिव्या देता येत नाहीत, ही या खेळातली फार मोठी उणीव आहे.

आणि इतक्यावर भागलं असतं तरी एक वेळ गप्प बसले असते. पण पहिल्या फोटोत फोकस डोळ्यावर नव्हता. म्हणून आपण थांबलात. केंडाने हळूहळू पाणी सोडलं, पुन्हा माशासारखा दिसू लागला, छपराखाली शिरू पाहत होता. आणि आपण त्याला दुसऱ्यांदा टोचलंत. दुसऱ्यांदा! फोकससाठी!

फुगणं हा केंडाचा खेळ नव्हे हो. त्याला वेगाने पळता येत नाही. अंगात विष आहे, पण ते खाणाऱ्यावर चालतं, फोटो काढणाऱ्यावर नाही. फुगणं हा त्याचा शेवटचा उपाय. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच कुळातल्या एका लहान जातीवर मोजून पाहिलंय : फुगताना प्राणवायूची गरज कित्येक पटींनी वाढते, आणि नंतर श्वास पूर्ववत व्हायला सरासरी पाच-साडेपाच तास लागतात. एकदा फुगल्याचे. आपण बोटीवर येऊन केळं खाल्लंत, हॉटेलात सुरमईची थाळी जेवलात, वामकुक्षी काढलीत. त्या वेळात तो काय करत असेल, याचं चित्र स्पर्धेला पाठवता येत नाही.

निघताना मागे वळायला आपण जोरात लाथ मारलीत, आणि आपल्या फिनखाली शिंगांसारख्या फांद्यांचं प्रवाळ मोडलं. कडकन आवाज आला. पाण्यात आवाज स्पष्ट येतो. आपण नाही ऐकलात, आपण पडद्यावर फोटो झूम करत होतात. २०१० साली इथलं पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं, २०१६ साली पुन्हा पडलं. त्यातून जे वाचलं किंवा नव्याने उगवलं, ते आपण एका लाथेत निकालात काढलंत. परतीच्या विमानात प्रवाळाचा तुकडा बॅगेत घेऊन निघालात तर १९७२ चा वन्यजीव कायदा दाखवून अडवतील. तिथेच मोडून टाकलंत तर कोणी विचारत नाही. आणि विचारणार तरी कोण? बोटीवर आल्यावर तो मुलगा गप्प होता. मी त्याला म्हटलं, तू साहेबांना काही बोलला का नाहीस? तो हसला आणि टाक्या बांधायला लागला. शेवटचा दिवस होता, टिपचा दिवस. मला त्या क्षणी आपला कॅमेरा पेटीसकट समुद्रात फेकावासा वाटला. खरंच वाटला. यात उपरोध बिलकूल नाही.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाही तर हे पत्र पुरं होत नाही. आदल्या रात्री वीज गेली होती. व्हरांड्यात डोक्याला टॉर्च बांधून आपण कॅमेऱ्याचं हाउसिंग उघडून बसला होता. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं एकेक बटण गोड्या पाण्यात दाबून धुतलंत, रबराची ओ-रिंग बोटांत फिरवून तिला सिलिकॉन ग्रीस लावलंत, आणि तिच्यावर एखादा केस तर नाही ना, म्हणून टॉर्चच्या उजेडात कितीतरी वेळ पाहत राहिलात. एक केस राहिला तर पाणी शिरतं आणि लाखाचा ऐवज जातो. मग आपण मला दिवसाचे फोटो दाखवलेत. पाण्यातला कण न् कण उजळून चित्रभर पांढरे ठिपके, निम्मे मासे शेपटीकडून, बाकी सगळं हिरवट-निळं, कारण लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच विरतो. आपण म्हणालात, 'निवृत्तीनंतर शिकलो हो. घरचे म्हणतात, एवढे पैसे घालून हेच का?' आणि हसलात. ते हसू मला आवडलं नाही. म्हणजे, मला ते फार ओळखीचं वाटलं.

कारण मी परत आल्यावर माझ्या भावाचा पहिला प्रश्न, 'फोटो?' म्हटलं, कॅमेरा नेला नव्हता. तर म्हणतो, 'मग केलंस काय तिकडे?' मी त्याला क्लीनर माशाचं सांगायला लागले. तो मोबाईल बघत 'हं, हं' म्हणाला. आपला फुगलेला केंड मात्र त्याने बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, 'भारी आहे!' परीक्षकांचंही तेच झालं असणार. गालाशी निवांत टोचे मारणाऱ्या माशाला कोण बक्षीस देतं? घाबरून फुगलेला मासा माणसाला हसरा दिसतो, आणि हसरं चित्र भिंतीवर शोभतं. एवढ्या गर्दीला खूश करायचं म्हणजे आपल्यावरही ओझं होतंच. केंडावर होतं तितकं नव्हे, पण होतं.

एक विनंती करते. बक्षिसाच्या चित्रात उजवीकडचा भाग कापलेला आहे. मूळ चित्र मी बोटीवर आपल्या पडद्यावर पाहिलंय. त्यात कोपऱ्यात काळा हातमोजा आहे, दोन बोटांत स्टीलची कांडी, आणि तिचं टोक केंडाच्या कुशीत. तो फोकस अगदी अचूक आला आहे. पुढच्या वर्षी ते न कापता पाठवा. क्लबच्या पत्रकात मी पाहिलं, व्यक्तिचित्र असा वेगळा विभाग आहे. प्रवेश फी मी भरते.

कळावे, लोभ आपल्या सोयीने.

आपली,
बडी

ता. क. : ग्रीसची ट्यूब माझी होती. नवी आणावी लागली, त्याचे पैसे त्या मुलाला पाठवा. डाइव्ह सेंटरला फोन करून आधी त्याचं नाव विचारा.