सीझन टूचा माणूस

पबजी खेळणाऱ्यांत कुळ-गोत्र विचारायची पद्धत अजून शाबूत आहे. कुळ म्हणजे तू कुठल्या सीझनपासून खेळतोस आणि गोत्र म्हणजे कुठली बंदूक धरतोस. मी सीझन टूचा. म्हणजे थेट 2018 चा. 2020 च्या सप्टेंबरात सरकारनं पबजीवर बंदी घातली, 2021 च्या जुलैत तोच गेम बीजीएमआय नावानं आला, 2022 मध्ये पुन्हा गायब झाला, 2023 मध्ये पुन्हा उगवला. एवढ्या उलथापालथीत माझा खेळ काडीइतकाही सुधारला नाही, ज्येष्ठता मात्र वाढत गेली. सरकारी नोकरीत आणि गेममध्ये ज्येष्ठतेला कामाची अट नसते.

ज्येष्ठाचं पहिलं कर्तव्य नव्याला हसणं. नवा पोरगा यूट्यूबवर बघून येतो. तिथल्या जोनाथनची सेन्सिटिव्हिटीची सेटिंग जशीच्या तशी उतरवतो, एम-फोर बंदूक उचलतो, चार बोटांनी खेळायची खटपट करतो आणि चुकून नेम लागला की यूट्यूबर डायनॅमोचं 'पट्ट से हेडशॉट' ओरडतो. त्या घडीला सगळ्यांत जास्त जिंकून देणारी बंदूक किंवा युक्ती म्हणजे 'मेटा'. म्हणून आम्ही जुने त्याला मेटाचा गुलाम म्हणतो. फारच राग आला तर छपरी.

मी स्वतः क्रॉसबो वापरतो. महाराष्ट्रात धनुष्यबाणावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत, आमच्या लॉबीत मात्र मी एकटाच. एक बाण सोडून दुसरा भरेपर्यंत समोरचा एम-फोरवाला माझी पेटी पॅक करून पुढच्या घरात शिरलेला असतो. भाचा कळवळून सांगतो, "मामा, एम-फोर घे ना! तुझ्यामुळे स्क्वॉड हरतोय." मी म्हणतो, "हरू दे. ओळख राहिली पाहिजे." आणि ओळख राहिली आहेच. त्याचे मित्र मला 'बाणवाले अंकल' म्हणतात.

आता जुन्यांच्या रागाला एक खरं कारणही आहे. एखादी बंदूक सगळेच वापरायला लागले की प्रत्येक डाव सारखाच वाटू लागतो. मग कंपनी पुढच्या अपडेटमध्ये त्या बंदुकीची ताकद कमी करते. याला 'नर्फ' म्हणतात. ज्यानं ती बंदूक आधी शोधली, महिनोन् महिने हात बसवला, त्याचंही नुकसान होतं. हे वसई-विरारच्या माणसाला समजवावं लागत नाही, कारण त्यानं लोकलचा रिटर्न पाहिलेला असतो.

रिटर्नवर मी जरा लांबण लावणार आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावं. 1867 साली विरारहून मुंबईतल्या बॅक बे स्टेशनला पहिली गाडी सुटली, तेव्हा सकाळी जायला एक आणि संध्याकाळी यायला एक, एवढाच कारभार होता. त्या गाडीत विंडो मिळत असणार. पुढे कधीतरी नालासोपाऱ्याच्या कुणा अज्ञात प्रतिभावंताच्या डोक्यात आलं की चर्चगेटला जायचं तर आधी उलटं विरारला जावं. विरारकडे रिकामी जाणारी गाडी पकडावी, विरारला उठूच नये आणि तीच गाडी फिरली की बसल्या जागी मुंबई गाठावी. पहिल्याला लोकांनी वेड्यात काढलं असेल. पुढचे दहा जण हुशार ठरले. मग शेकडो लोक रिटर्न मारायला लागले आणि गाडी थांबायच्या आत उडी टाकणाऱ्या विरारकराला आत चौथ्या सीटसकट सगळीकडे माणसं बसलेली दिसू लागली. कुणी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलेलं, कुणी पेपर तोंडासमोर धरलेला. रोज भांडणं, रोज एकमेकांच्या गावाचा उद्धार. मग वसईवाले उलटे यायला लागले, भाईंदरवालेही आले आणि खुद्द नालासोपाऱ्यालाच विरारची गाडी भरलेली यायला लागली. युक्ती मेली. इथे नर्फ करायला रेल्वेही लागली नाही, ते गर्दीनंच केलं.

मी नालासोपाऱ्यात राहायचो तेव्हा रिटर्न मारायचो आणि त्याला नियोजन म्हणायचो. पुढे विरारला फ्लॅट घेतला. पहिल्याच सोमवारी मी दारात उभं राहून आतल्यांना सुनावलं, "अरे, तुमच्यापायी विरारच्या माणसाला बसायला मिळत नाही!" आवाज असा लागला होता की जणू जीवदानीच्या डोंगराआधीपासून आमचं घराणं इथे आहे. आगाशी-बोळींजच्या वाड्यांतले खरे जुने लोक त्यावर काय म्हणाले ते छापण्याजोगं नाही. त्यांच्या लेखी फ्लॅटवाले सगळेच सीझन वीसचे.

भाच्याचा एक मित्र आहे, नालासोपारा पूर्वेचा. आधी तो फ्री फायर खेळायचा. पन्नास खेळाडू, दहाएक मिनिटांचा डाव आणि साध्या फोनवर चालणारा गेम. पबजीवाले फ्री फायरवाल्यांना छपरी म्हणतात तेव्हा ते खेळाला हसत नाहीत, फोनच्या किमतीला हसतात. हा मुलगा आता आमच्यात येतो. फोन आईचा, डेटा दिवसाला दीड जीबी, तोही घरात वाटून. दोन डावांत फोन तापतो. एकदा कुणीतरी त्याला माइकवर 'कॉपी मास्टर' म्हणून भंडावलं, तसा त्यानं माइक बंद केला. मी नंतर त्याला विचारलं, "स्वतःच्या सेटिंग्ज का नाही लावून बघत?" तो म्हणाला, "काका, तेवढा डेटा नसतो."

प्रयोग करायला हरण्याची ऐपत लागते. घरी वायफाय आहे, पगार एक तारखेला होतो, म्हणून मी क्रॉसबो घेऊन वाट्टेल तितके डाव हरू शकतो आणि त्याला बाणेदारपणा म्हणू शकतो. ज्याच्या वाट्याला दिवसातून दोनच डाव, तो इतरांनी पारखून ठेवलेलीच बंदूक घेणार. सकाळी साडेसातला फलाटावर उभा असलेला माणूस तरी दुसरं काय करतो? आणि मेटाच्या गुलामांना हसायचं असतं, हे तरी मला कुठून कळलं? यूट्यूबवरूनच.

तेव्हा नव्या पोराला हसायचंच असेल तर आधी त्याच्या हातातला फोन बघा. आणि उद्या नालासोपाऱ्याहून रिटर्न मारणार असाल तर पास विरारचा काढा. टीसी सीझन विचारत नाही.