गडग्याशी

"काकू, काल रात्री तुमच्या पडवीतून करपल्याचा वास येत होता. हे म्हणाले, बघ जाऊन, दूध ठेवून झोपल्या की काय."

काकूंनी गडग्यावर दोन शिराळी ठेवली. "दूध कसलं गो! भाच्याचं लेझर मशीन. गणपती महिन्यावर आले, मखरं कापतोय. एमडीएफच्या कडा करपतात, त्याचा तो वास."

2018 साली थर्माकोल बंद झालं, तेव्हापासून हा धंदा वाढला, असं त्यांचं म्हणणं. खाचेत खाच बसवायची, विसर्जन झालं की सोडवून माळ्यावर. पेण-हमरापूरला मूर्ती ठरवून आलेली माणसं याला उंची सांगून जातात. गेल्या वर्षी एकाने मूर्ती मोजली ती कपाळापर्यंत. मुकुट राहिलाच! चतुर्थीच्या सकाळी कमान करवतीने कापली.

"आणि बाकीचे अकरा महिने?"

"बंगले आहेत की! रो-रोने मांडव्याला उतरतात, अलिबागेत घर घेतात, की पाटी आलीच. होमस्टेवालीने किल्ल्यांना लाकडी मासे करून घेतले. आता पाहुणे विचारतात, आमची खोली सुरमई का पापलेट? होडीवाले नंबराचं स्टेन्सिल नेतात, वरून रंग मारला की झालं. ब्लाउजवाली पॉलिस्टरची फुलं कापून नेते. कड वितळून बसते, दोरे सुटत नाहीत."

मला हा सगळा पसारा ऐकून मजा वाटली. एक मशीन पडवीत आलं नि निम्मा गाव काकूंच्या अंगणात चहाला!

"मग माझ्या स्टीलच्या डब्यांवर नावं घालून देईल का?"

"तेच मी विचारलं. म्हणे, मावशी, हे कार्बन डायऑक्साइडचं लेझर. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडं सांग. स्टीलवर याचं काही चालत नाही, त्याला फायबर लेझर लागतं. तू आपली भांडीवाल्याकडेच जा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे लेझर शोधणारा माणूस बारामतीत जन्मलेला, ठाऊक आहे? कुमार पटेल. पुण्यात इंजिनिअर झाला, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये 1964 साली हे शोधलं. मी बारामती ऐकलं नि म्हटलं, यातही राजकारण आलं की काय!"

एकाने तर रेक्झिनची गुंडाळी आणून ठेवली होती. भाच्याने हातच जोडले. त्यात पीव्हीसी असलं तर आम्लाची वाफ सुटते, छातीला वाईट, आणि मशीनही गंजतं. आधीच इथली खारी हवा. रोज रात्री रुळ पुसून ठेवतो, म्हणजे बघा.

"पण काकू, चुका होत नाहीत?"

"होतात ना. मास्तरांची पाटी 'शांतिनिवास'. याने ती दीर्घ काढली. मास्तर अंगणात उभे राहून अर्धा तास समासाचा नियम सांगत होते. रंग असता तर पुसला असता. हे लाकडात कोरलेलं, पुसणार कसं? दुसरी करून दिली फुकट."

"आणि पहिली?"

काकूंनी हनुवटीने मागच्या दाराकडे दाखवलं. कोंबड्यांच्या खुराड्यावर सुबक अक्षरांत 'शांतीनिवास', आणि आत दोन कोंबडे एकमेकांची पिसं उपटत होते.