मुकी चिप, बोलकी चिप

पोकरच्या बहुतेक नियमावल्यांत सुरुवातीलाच एक भारदस्त कलम असतं. खेळाचं हित आणि न्याय सर्वांत वर. प्रसंग अपवादात्मक असेल तर फ्लोअरने, म्हणजे टेबलावरचे वाद निवाडणाऱ्या साहेबाने, नियमाचं अक्षर बाजूला ठेवून तारतम्याने निर्णय द्यावा. कलम सुरेखच आहे. फक्त व्यवहारात प्रसंगाऐवजी गिऱ्हाईक अपवादात्मक निघतं.

आता एका चिपेचा नियम घ्या. समोर 200 ची ब्लाइंड आहे आणि तुम्ही तोंडातून अवाक्षर न काढता 1000 ची एकच चिप पुढे सारलीत, तर तो कॉल, म्हणजे नुसती बरोबरी. 800 परत. बोली वाढवायची तर ‘रेझ’ हा शब्द चिप टेबलाला टेकण्याआधी उच्चारायचा. नियम शहाणपणाचा आहे, नाहीतर लोक चिप टाकतील, समोरच्यांचे चेहरे वाचतील आणि मग आपण काय केलं ते ठरवतील.

चिंचवडचा एक पोरगा. त्याच्या राज्यात 1976 साली कॅसिनोचा कायदा झाला आणि एकदाही अंमलात न येता 2023 साली रद्द झाला, म्हणून हा रात्रभर बसने हाडं खिळखिळी करून घेत गोव्याला, मांडवीवरच्या कॅसिनोत आलेला. हातात दोन एक्के. घसा कोरडा पडला, 1000 ची चिप सरकली, ‘रेझ’ मागाहून निघालं. फ्लोअरसाहेब आले, चिपेकडे पाहिलं, पोराकडे पाहिलंही नाही. “कॉल.” चौघांनी स्वस्तात फ्लॉप पाहिला, त्यातल्या एकाने सत्ता-चव्वीवर दोन जोड्या लावल्या आणि एक्के गेले. बरोबर निर्णय. तक्रार नाही.

थोड्या वेळाने शेठ. शेठ म्हणजे तेच, ज्यांचा ग्लास डीलरच्या पत्त्यांपेक्षा जास्त वेळा भरला जातो. त्यांनी 5000 ची चिप मुकाट फेकली. ती अजून फेल्टवर गरगरत होती, डीलरचा हात 4800 परत द्यायला निघाला होता, तेवढ्यात साहेब वाकले, अगदी आजारी माणसाची चौकशी करावी तसे, “सर, आपल्याला रेझच म्हणायचं होतं ना?” सरांनी काजू चावत मान हलवली. खेळाच्या हितासाठी रेझ मंजूर! पुढे शेठनी पुन्हा मुकाट 5000 ची चिप टाकली आणि मागच्याने सगळ्या चिपा पुढे ढकलल्या. शेठ म्हणाले, “मी तर कॉल केला.” साहेब ताठ झाले : एक चिप, आवाज नाही, म्हणजे कॉल, नियम म्हणजे नियम. शेठचे 4800 परत. म्हणजे शेठची चिप बोलते, गप्पही बसते, आणि दोन्ही वेळा शेठच्याच फायद्याचं! आमच्या पोराची चिप जन्मजात मुकी.

चीड नियमाची येत नाही हो, ह्या तारतम्याची येते. अंगठ्याचा ठसा नीट उठला नाही म्हणून हयात म्हातारीला हयातीच्या दाखल्यासाठी चार हेलपाटे घालायला लावणाऱ्या खिडकीतही हेच तारतम्य बसलेलं असतं, आत चहा पिणाऱ्याच्या फायलीवर सही नसली तरी ‘राहू दे, नंतर करतील’ म्हणणारं. तारतम्य गरिबाला कधी मिळालेलं पाहिलंय कुणी? त्याला मिळतं ते कलम, पोटकलमासकट.

तेव्हा निदान दरपत्रक तरी लावा. अमुक बाय-इनपर्यंत : नियम जसाच्या तसा. त्याच्या वर : मनातलं ओळखून मिळेल. त्याहून वर : मन बदलल्यास बदललेलंही ओळखू. जीएसटी वेगळा.