जावक क्रमांक सांगा, साहेब

भोपाळचं शिवाजी नगर ही सरकारी माणसांची वस्ती. सहा नंबर स्टॉपवर चहा पिणाऱ्यांत निम्मे वल्लभ भवन नाहीतर सातपुडा भवन या सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले, आणि उरलेल्यांची फाइल अजून तिथेच अडकलेली. सरकार कसं चालतं, हे ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं आतून पाहिलं, प्रसंगी स्वतःच्या हातांनी थांबवलं, त्यांना फोनवर सरकार बनून कुणी गंडवू शकेल? अगदी आरामात गंडवतात.

शेजारच्या अरेरा कॉलनीतलं प्रकरण आठवा. ९ नोव्हेंबर २०२४. एका उद्योजकाला फोन आला. आधी दूरसंचार नियामक ‘ट्राय’वाले बोलले, मग मुंबईचे सायबर पोलीस, मग सीबीआय. तुमच्या आधार कार्डावर बोगस खाती उघडली आहेत, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. गृहस्थ तासन्‌तास आपल्याच घरात, आपल्याच खोलीत, आपल्याच वायफायवर कैदेत. शेवटी मध्य प्रदेश सायबर पोलीस थेट त्या खोलीत शिरले आणि पडद्यावरच्या ‘अधिकाऱ्यां’कडे ओळखपत्र मागितलं. पडदा काळा झाला. पैसे वाचले. त्यानंतर काही दिवसांतच बजरिया भागातून आणखी एकाला असंच सोडवावं लागलं. तो तर टेलिकॉम कंपनीतलाच अभियंता!

आता कॅलेंडर काढा. ९ नोव्हेंबरला शनिवार होता. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ पासून शनिवारची सुट्टी आहे. अशा दिवशी तीन-तीन खाती, एकमेकांशी न भांडता, मधल्या सुट्टीलाही न उठता, एका सामान्य नागरिकाच्या प्रकरणात अर्धा दिवस लक्ष घालतात? आपल्या पेन्शनच्या कागदावर एक सही मिळवायला किती महिने लागले होते, ते आठवलं असतं तरी पुरे होतं.

म्हणून पहिली खूण: तत्परता. सरकार ज्या क्षणी तुमच्यासाठी घाई करू लागेल, त्या क्षणी ते सरकार नाही असं समजावं.

त्याच वर्षी लुधियानात वर्धमान समूहाचे एस. पी. ओसवाल यांना ७ कोटींना लुटलं. वय ८२, पद्मभूषण, उभा जन्म व्यवसायात गेलेला माणूस. त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालय भरवलं. न्यायासनावर तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचा तोतया. सुनावणी झाली आणि आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर घरपोच. भारतात दाव्याचा निकाल इतक्या झटपट लागतो यावर विश्वास बसणं, हीच त्या नाटकातली सगळ्यात अवघड गोष्ट होती, आणि तीच सगळ्यात सहज साधली. पोलिसांनी यातले सव्वापाच कोटी परत मिळवले, म्हणून निदान खरं खातंही कधी कधी धावतं असं म्हणायला जागा आहे.

दुसरी खूण: गुप्तता. पडद्यावरचा साहेब पहिली ताकीद देतो ती ‘बायकोलाही सांगायचं नाही’ अशी. खरा कायदा नेमका उलटा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणते, अटकेचा पंचनामा करा, त्यावर घरातल्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठिताची साक्ष घ्या, नातेवाइकाला कळवा आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. खऱ्या अटकेची बातमी अख्ख्या कॉलनीला अर्ध्या तासात लागते. जी अटक शेजारच्या काकूंनाही कळत नाही, ती अटकच नव्हे. आणि व्हिडिओ कॉलवरची अटक तर कोणत्याही कायद्यात नाही; २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. अरेरा कॉलनीचा प्रकार त्यानंतर दोन आठवडेही उलटायच्या आत घडला.

तिसरी खूण: परतावा. ‘सगळी रक्कम आरबीआयच्या खात्यात टाका, तपासून दोन दिवसांत परत करू.’ कोषालयात नोकरी केलेला माणूसही हे ऐकून पैसे टाकतो, तेव्हा मात्र डोक्याला हात लावावा लागतो. अहो, स्वतःच्या जीपीएफचे पैसे काढताना किती आक्षेप निघाले होते? सरकारी तिजोरीत गेलेला रुपया दोन दिवसांत परत आल्याचं तुम्ही कधी पाहिलंत? रिझर्व्ह बँक कुणाही माणसाचे पैसे ‘तपासायला’ मागवत नाही.

चौथी खूण शिवाजी नगराला खास लागू, कारण नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. फोन येतो: तुमचा पीपीओ क्रमांक अमुक, निवृत्ती तमुक तारखेची, दाखला अपडेट झालेला नाही, पेन्शन थांबेल, आलेला ओटीपी सांगा. आपण हरखतो, की याच्याकडे तर आपली सगळी कुंडली आहे, म्हणजे हा आपल्याच खात्याचा. खात्याकडे तुमची माहिती कधी तयार असते का? खातं दर खेपेला तीच माहिती तुमच्याकडून तीन प्रतींत मागतं. जो न मागता ती घडाघडा म्हणून दाखवतो, त्याने ती कुठून तरी विकत घेतलेली असते. जिवंत असल्याचा पुरावा बँकेत, पोस्टात किंवा आपल्याच मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. फोनवरच्या अनोळखी माणसाला ओटीपी सांगून माणूस जिवंत ठरत नाही.

बाकीच्या खुणा भराभर. व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओचं चलान किंवा कुणाच्या लग्नाची पत्रिका आली आणि फाइलच्या शेपटीला ‘एपीके’ असेल, तर उघडू नका. ते चलान नव्हे, तुमच्या फोनची किल्ली मागणारं अ‍ॅप आहे. कुरिअरवाला ‘स्टार चारशे एक’ने सुरू होणारा नंबर दाबायला सांगत असेल, तर तुमचे फोन त्याच्याकडे वळणार, बँकेचेसुद्धा. चुकून दाबलाच तर ##002# लावा, वळवलेले फोन बंद होतात. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो. घ्यायला लागत नाही, म्हणजे नाहीच.

यात सगळा दोष भोळ्या नागरिकाचा, असा सूर लावणाऱ्यांसाठी एक आकडा. जून २०२५ मध्ये सीबीआयने सांगितलं, की देशभरातल्या सातशेहून अधिक बँक शाखांत सुमारे साडेआठ लाख ‘म्यूल’ खाती सापडली. लुटीचा पैसा फिरवायला भाड्याने घेतलेली खाती. आपण केवायसीसाठी चार चकरा मारतो, सही जुळत नाही म्हणून पाचवी मारतो, आणि ही साडेआठ लाख मंडळी बिनबोभाट आत बसलेली. केंद्र सरकारनेच संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये गेले; आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. एवढी प्रगती दुसऱ्या कोणत्या खात्याने दाखवली असेल तर कळवावं.

तरी एक गोष्ट आपल्याच पदरात पडते. हे भामटे आपल्या लोभावर जगत नाहीत, आपल्या ‘जी सर’वर जगतात. खाकी कपडे, मागे भिंतीवर राजमुद्रा, पत्रावर गोल शिक्का आणि जरा चढा आवाज, एवढ्यावर आपण खुर्चीत ताठ बसतो. साहेबाला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हे आपण नोकरीत शिकलो आणि निवृत्तीनंतरही विसरलो नाही.

तर आता ते शिक्षण जरा उलटं वापरू या. कचेरीने आयुष्यभर जे आपल्याला ऐकवलं, ते या साहेबांना ऐकवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली? ‘यावर जावक क्रमांक दिसत नाही.’ मुंबई पोलीस म्हणवतो? मग मराठीत विचारा, ‘ठाणं कुठलं? ठाणेदार कोण?’ (अस्खलित उत्तर आलं तरी भुलू नका, मराठीतही चोर असतात.) अटकेची धमकी देतो? ‘लेखी कळवा, पोस्टाने.’ पैसे आत्ताच भरा म्हणतो? ‘नस्ती वर पाठवलीय, मंजुरी यायची आहे.’ फारच गळ्याशी आला तर आपलं जुनं ब्रह्मास्त्र: ‘आता जेवणाची सुट्टी आहे, सोमवारी या.’ आणि फोन ठेवून द्या. साहेबाचा फोन आपण कापला म्हणून आता कुणी आपला गोपनीय अहवाल खराब करणार नाही.

पैसे गेलेच असतील तर मात्र यातलं काहीही करायचं नाही. लाज नको, सल्लामसलत नको, सोमवारची वाट तर मुळीच नको. त्याच मिनिटाला १९३० लावा. पैसा या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत असतो, तो वाटेत गोठवता आला तरच हाती लागतो. जन्मात एकदा तरी सरकारी काम आजच्या आज करायचं असेल, तर ते हे.