जावयांचा रिमोट

केंब्रिज, २२ जून

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. भडंग शाबूत, चकल्यांचा निम्मा चुरा. भडंगाच्या पिशवीत तुम्ही कागदात गुंडाळून पाठवलेले ते तीन पायांचे काळे रिसीव्हर सासूबाईंनी कसलासा मसाला समजून फोडणीच्या डब्यात ठेवले होते. मोहरी तडतडायच्या आत सापडले.

आता ते कशाला मागवले होते ते सांगते. फोनवर सांगायला गेले की फोन तुमच्या जावयांच्या हातात जातो आणि मग तुम्ही दोघं सर्किटवर घसरता, म्हणून पत्र.

सासूबाईंची मालिका तिकडे साडेसातला, म्हणजे इकडे भर दुपारी तीनला. तेव्हा आम्ही दोघंही कामावर. आमच्याकडे टीव्हीचा एक रिमोट, आवाजाच्या साउंडबारचा दुसरा आणि मालिका दाखवणाऱ्या स्टिकचा तिसरा. सासूबाई तिघांनाही नमस्कार करून नेमका चौथा उचलतात, तो पंख्याचा. जावयांनी जाहीर केलं, "आई, तुला एकच बटण करून देतो." हाताशी रास्पबेरी पाय होताच. पत्त्यांच्या जोडाएवढा हा कॉम्प्युटर याच गावच्या लोकांनी काढला आणि २०१२ पासून तो विकला जातोय, त्यामुळे इथल्या माणसाला तो येत नाही म्हणणं म्हणजे नाचक्कीच.

आधीच्या रिमोटांचे हुकूम पायला ऐकून शिकता यावेत म्हणून तुमचे रिसीव्हर मागवले होते, पण ते बसले नाहीत, बाबा. टीएसओपी १७३८ ला पाच व्होल्ट लागतात आणि पायच्या पिनांना ३.३ च्या वर सोसत नाही. इथून ३८२३८ आणला. त्याच्या पायांचा क्रम वेगळा: तुमच्यात पहिला पाय ग्राउंड, याच्यात आउटपुट. हे जावयांनी आधी बघून घेतलं, तेवढं श्रेय देते.

खरा गोंधळ सॉफ्टवेअरचा. लिनक्सवर रिमोटसाठी लर्क नावाची जुनी व्यवस्था आहे. जावयांनी एक सविस्तर कृती शोधून काढली आणि ती अक्षरशः पाळायला बसले. त्यात म्हटलं होतं 'एलआयआरसी_आरपीआय' हे मॉड्यूल चढवा. मशीन म्हणे असं काही नाहीच. नसणारच! २०१९ मध्ये पायचं कर्नल ४.१९ वर गेलं तेव्हाच ते काढून टाकलं आणि त्याच्या जागी 'जीपीआयओ-आयआर' आलं. कृती त्याच्या आधीची. मग दुसरी कृती. तिनं सांगितलं, बूट फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घाला. घातली, मशीन बंद-चालू केलं, ढिम्म. त्या फाइलच्या अगदी वरच लिहिलेलं होतं, की इथे काही बदलू नका, खरी फाइल फर्मवेअर नावाच्या पोटफोल्डरात हलवली आहे. 'दुकान समोरच्या गल्लीत नेले आहे' अशी पाटी बंद शटरवर असावी आणि गिऱ्हाईक शटरच वाजवत बसावं, तसं चाललं होतं. सासूबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "ती इंग्रजी सूचना वाचलीस का रे?" बाबा, त्यांना इंग्रजी बेताचंच येतं.

ओळ योग्य जागी गेल्यावर तपासणीचा 'मोड२' चालवला. उत्तर आलं, यंत्र दुसरं कोणीतरी वापरतंय. ते दुसरं कोणी म्हणजे लर्कच. मागे बसून तोच दार अडवून होता. त्याला थांबवलं आणि रिमोट दाबला, तशी पडद्यावर आकड्यांची रांग धावली: पल्स नऊ हजाराच्या आसपास, स्पेस साडेचार हजार, मग बारीक बारीक साडेपाचशे-सोळाशे. म्हणजे एनईसी पद्धत. ९ मिलिसेकंद उजेड, ४.५ अंधार, त्यापुढे लांब फट म्हणजे एक आणि आखूड म्हणजे शून्य. हे मला आता झोपेतही म्हणता येतं, कारण जावई जेवताना तेच म्हणतात.

बटणं शिकवण्याचं काम सासूबाईंकडे आलं. प्रोग्रॅम सांगतो, एकेक करून निरनिराळी बटणं दाबत राहा, पडद्यावर टिंबं उमटतील. त्या इतक्या शिस्तीत दाबत होत्या की मी स्वयंपाकघरातून ऐकून जप चाललाय समजले. मधेच टिंबं थांबायची. खिडकीतून ऊन थेट रिसीव्हरवर येत होतं आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर. पडदा ओढला की सुरळीत. बारा महिने ढग असलेल्या या देशात ऊन नेमकं तेव्हा पडावं!

मग पाठवायची बाजू. तुमचा फोन त्याच दिवशी आला होता, "ट्रान्झिस्टर लावलाय का?" लावला नव्हता, एलईडी सरळ पिनेला जोडल्यामुळे हुकूम हातभर अंतरापलीकडे जात नव्हता. बीसी५४७ लावल्यावर सोफ्यापासून टीव्हीपर्यंत पोचला. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर एलईडी जांभळट लुकलुकते, नुसत्या डोळ्याला काहीच दिसत नाही. सासूबाईंनी ते शेजारच्या आजीबाईंना बोलावून दाखवलं.

मशीन पुन्हा चालू केल्यावर आणखी एक तमाशा. ऐकणारं यंत्र शून्य नंबर आणि बोलणारं एक, असं ठरलं होतं. नंबरांनी आपसात अदलाबदल केली. बोलायला सांगितलं रिसीव्हरला, ऐकायला एलईडीला. दोघंही गप्प. शेवटी जावयांनी नियमांची एक फाइल लिहून दोघांना कायमची नावं दिली.

शनिवारी उद्घाटन झालं. एक बटण दाबलं, टीव्ही लागला, साउंडबार लागला, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मालिका मात्र लागेना. स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, बाबा. त्या स्टिकला इन्फ्रारेडचा डोळाच नाही.

जावई आता एचडीएमआयच्या तारेतूनच हुकूम पाठवण्याचा विचार करतायत. सीईसी म्हणतात त्याला, पायला तो येतो. तुम्ही कृपा करून फोनवर उत्तेजन देऊ नका. सासूबाईंनी स्टिकच्या रिमोटला लाल लोकरीचा गोंडा बांधलाय आणि रोज तीनला बरोबर लावतात. पंख्याचा रिमोट त्यांनी माळ्यावर टाकलाय. उकडतंय, पण तो मागायची माझी छाती नाही.

पुढच्या पार्सलात गोडा मसाला घाला, आणि त्याच्या जवळपास काहीही इलेक्ट्रॉनिक नको. आईला नमस्कार.

तुमची लेक