लाल टाच, पांढरा मोजा

पालघरच्या किनाऱ्यावरच्या मुरबे गावात बसून हाताने मोजे विणणाऱ्याला वेड्यात काढणं सोपं आहे. घाम आठ महिने, चिखल चार महिने आणि चप्पल बाराही महिने. तरी माझं म्हणणं असं, की मिरवायच्या हौसेला घोट्यापर्यंतच्या दुरंगी मोज्यासारखी वस्तू नाही, आणि तिचं चीज मराठी घरातच होतं. आपल्याकडे सत्यनारायण असो, बारसं असो की स्थळ बघणं, पादत्राणं दाराबाहेर. महागड्या बुटांचा रुबाब उंबरठ्याशी संपतो आणि मोजेवाल्याचा तिथूनच सुरू होतो. सतरंजीवर मांडी घातली की टाच लाल, चवडा लाल, मधला भाग पांढरा, असं सगळं प्रदर्शन यजमानांच्या डोळ्यांसमोर. शिवाय कष्ट बेताचे. पोटरीपर्यंत विणायला चिकाटी लागते. घोट्याशी थांबायला नुसती हौस पुरते, आणि ती माझ्याकडे मुबलक आहे. टाचेला टाके अर्धवट सोडून मागे फिरायचं एवढीच काय ती मेख. रंग बदलायचा म्हणजे नुसता गुंडा बदलायचा, पण बघणाऱ्याला वाटतं, केवढी कारागिरी!

उकाड्याचं काय, असं कोणी विचारेल. सुती धाग्याने विणावं. आणि तारापूर एमआयडीसीत भर मे महिन्यात सेफ्टी शूज चढवणाऱ्यांना उकाडा शिकवू नये. दुसरा आक्षेप पैशांचा: बोईसर स्टेशनबाहेर शंभराच्या नोटेत दोन-तीन जोड मिळतात, मग हा उपद्व्याप कशाला? पण मोजे विणायचं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ सालीच काढलं. म्हणजे हा धंदा आतबट्ट्याचा आहे हे जगाला चारशे वर्षं ठाऊक आहे. तरी विणणारे संपले नाहीत, कारण पायांसाठी कोणी विणतच नाही.

तिसरा आक्षेप असा, की विणकाम हे बायकांचं काम. हे मुरब्यात येऊन बोलून दाखवावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी दुरुस्तीला निघतात. अंगणात, पडवीत बसलेला नाखवा फाटक्या जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरतो, सुई आतून घेतो, गाठ आवळतो, जाळ्याच्या पुढच्या घराकडे वळतो. नजर जाळ्यावर असेलच असं नाही. (अंगठ्याचा हा उपयोग मोजा घातलेल्या माणसाला कायमचा बंद, हा माझ्या बाजूचा कच्चा दुवा मान्य.) मोज्याला भोक पडलं की अब्रू जाते, जाळ्याची सगळी अब्रूच भोकांत. भोकाचं माप चुकलं तर पापलेटचं पिल्लूही अडकतं, म्हणून जाळ्याच्या आसाला, म्हणजे या मापाला, सरकारी नियम आहेत. माझ्या विणीतल्या भोकांकडे अजून कोणत्याही खात्याचं लक्ष गेलेलं नाही. गंमत म्हणजे धागा दोघांचा भाऊबंदच. जाळं नायलॉनचं, आणि लोकरीचा मोजा टाचेला झिजू नये म्हणून त्या लोकरीतही नायलॉन मिसळतात.

पण माझ्या लाल टाचेचा फोटो निघतो, त्याखाली ‘कलाकार’ असं लिहून येतं, आणि खाडीपलीकडच्या सातपाटीपासून इथपर्यंत हजारो गाठी मारणाऱ्यांच्या हाताला मात्र कोणी कला म्हणत नाही. याची मला मनापासून चीड येते. मुरब्यात बंदर आणायचा प्रस्ताव आहे, मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. उद्या नुकसान मोजायला कोणी बसलंच, तर होड्या मोजता येतील, जाळी मोजता येतील. न बघता बसणारी गाठ कोणत्या रकान्यात लिहिणार?

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यात जड: दुसरा मोजा. कौतुक पहिल्यावरच खर्च झालेलं असतं, त्यामुळे दुसरा बिचारा सुईवरच म्हातारा होतो. दोन रंगांची खरी सोय इथे कळते. दुसरा मोजा उलट रंगांत विणावा: अंग लाल, टाच आणि चवडा पांढरा. काम नवं वाटतं, हुरूप टिकतो आणि दोन्ही गुंडे बरोबरीने संपतात. कोणी विचारलंच, की जोड चुकला का, तर शांतपणे सांगावं, डिझाइन आहे.